तीन गावांची विहीर

नागसेनचा पाय मोडला तेव्हा त्याला मागून धरून ठेवणारे हात शमशेर मुलाण्याचे होते.

सत्त्याण्णवचा फेब्रुवारी. पोळवाडीहून कारवंडीला येणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, भर दुपारी, उसाच्या फडाच्या कडेला चौघांनी नागसेनची सायकल अडवली. नागसेन महार रेजिमेंटमध्ये पंधरा वर्षं काढून नाईक म्हणून घरी आलेला. समोर किती हात आहेत आणि त्या हातांत काय आहे हे त्यानं एका नजरेत पाहिलं, सायकल पहिल्याच्या अंगावर ढकलली आणि दुसऱ्याच्या तोंडावर असा ठोसा घातला की त्याचे दोन दात मातीत पडले. चौथा होता शमशेर. त्यानं मागून येऊन नागसेनच्या काखांतून हात घातले आणि मानेवर पंजे गुंफले. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर एकटा खांद्यावर टाकून ओढ्यातून वर आणणारा माणूस. नागसेनला हलता आलं नाही.

"पाय धरा रं त्याचं," जोतिबा म्हणाला.

जोतिबा कारवंडीच्या बड्या बागायतदाराचा, भाऊसोंचा पुतण्या, सव्वीस वर्षांचा. आपल्या कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला, शमशेरच्या पिशवीतून पाइपपाना काढला आणि हातात तोलून बघितला. पहिला घाव गुडघ्यावर बसला, दुसरा नडगीवर. नागसेनची पाठ शमशेरच्या छातीला टेकलेली होती, त्यामुळं हाड तुटल्याचा आवाज शमशेरला आपल्याच बरगड्यांत झाल्यासारखा वाटला.

नागसेन ओरडला नाही. दात आवळून त्यानं मान वळवली. "शमशेर, माझ्या पिशवीत तुझ्या घरचाबी फारम हाय. तुझ्या बायकूनं सही केलीया."

तिसऱ्या घावाला त्याची शुद्ध गेली. जोतिबानं सायकलीच्या हँडलची कापडी पिशवी काढली, आतले कागद रस्त्यावर ओतले आणि काडी लावली. तीन गावांतल्या चारशे घरांचे अर्ज पाचटासारखे भराभर जळाले. शमशेर वाकून बघत होता. त्याला अक्षर नीट लागत नव्हतं, आणि लागायच्या आत कागद काळे पडत होते.

ते अर्ज होते पाण्याचे. कारवंडी, वाघझरी आणि पोळवाडी ही कडेगावच्या पूर्वेकडच्या माळावरची तीन गावं. तिन्ही गावांना मिळून खात्रीचं पाणी एकाच ठिकाणी, पाझर तलावाखालच्या ओढ्यात, आणि त्या ओढ्यातली विहीर भाऊसोंची. तिच्यावर पाच मोटरी. चार भाऊसोंच्या उसाला, पाचवी उन्हाळ्यात रोज तासभर गावांच्या टाक्यांत पाणी सोडायला. तेही भाऊसोंची मर्जी असेल तर. निवडणुकीत ज्या गल्लीनं विरोधात मत टाकलं त्या गल्लीचा पाण्याचा वॉल आठ-आठ दिवस बंद राहायचा. तो वॉल फिरवणारा शमशेर. गेली चौदा वर्षं. पाइपला कुणी हात लावला तर तो हात पिरगाळणाराही तोच. त्या बदल्यात त्याच्या घराला थेट मोटरीवरून नळ होता, मुलाणी गल्लीतला एकुलता एक.

नागसेननं फौजेतून आल्यावर सांगलीला खेटे घातले. तिथल्या एका साहेबानं त्याला वाट दाखवली. तीन गावांनी मिळून स्वतःचा पाणीपुरवठा संघ काढायचा. तिन्ही ग्रामसभांचे ठराव हवेत, घरटी अर्ज हवा, विहिरीला संघाच्या नावावर जागा हवी. एवढं झालं की योजना मंजूर. मग विहीर संघाची, मोटर संघाची, आणि वॉल कधी फिरवायचा ते संघ ठरवणार. जागेचा प्रश्न नागसेनच्या आईनं, पारूबाईनं सोडवला. बौद्धवाड्याच्या खालच्या अंगाला तिची जुन्या महार वतनातली दहा गुंठं जमीन होती. पाणी बघायला आलेल्या माणसांनी नेमकी तिथंच खूण केली. पारूबाईनं जमीन लिहून दिली, पण अट घातली. पहिला नळ बौद्धवाड्यात बसायचा, आणि कमिटीत निदान तीन बायका पाहिजेत.

वाघझरी आणि पोळवाडीचे ठराव झाले होते. राहिली होती कारवंडी, तिघांतली मोठी आणि भाऊसोंच्या मुठीतली.

शमशेर संध्याकाळी घरी आला तेव्हा बातमी त्याच्याआधी पोचली होती. रशीदा चुलीपुढं बसून होती. भाकरी थापलेली नव्हती.

"तू सही केलीस?"

"केली. नूरीननं शिकिवली."

"मला इचारलं न्हाईस."

"तुमी आज जे केलंसा, ते मला इचारून केलं व्हय?"

त्यानं हात उगारला. चौदा वर्षांची नूरीन वही टाकून उठली आणि आईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. शमशेर हात खाली घेऊन बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी रशीदानं घरच्या नळाच्या तोंडाला चिंधी गच्च बांधली, घागर घेतली आणि टाकीवर बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. शमशेरनं वॉल उघडला. तिच्याकडं न बघता तो परत गेला.

नागसेनला मिरजेच्या दवाखान्यात दोन महिने काढावे लागले. पायात सळई घातली. फौजदारानं तक्रार घेतली ती अशी: सायकलवरून पडून दुखापत. तेवढ्या काळात पारूबाईनं पुन्हा घरोघर फिरून चारशे अर्ज भरून घेतले. रशीदानं दुसऱ्यांदा सही केली.

एप्रिलमध्ये ओढा तळाला गेला आणि भाऊसोंनी पाचवी मोटरही उसाकडं वळवली. तीन दिवस गावात थेंब नाही. चौथ्या दिवशी सकाळी कारवंडीच्या पन्नास-साठ बायका विहिरीवर गेल्या आणि उसाकडं जाणाऱ्या पाइपावरच रांगेनं बसल्या. पारूबाई सगळ्यांत पुढं, साठी ओलांडलेली, पदर खोचून.

"आदी गावाला पानी सोडा. मग आमी उठतो."

थोड्या वेळानं जीपमधून जोतिबा आणि सहा माणसं उतरली. "शमश्या, उठीव ह्यास्नी."

शमशेरनं आधी तोंडानं सांगून बघितलं. कुणी हललं नाही. मागून कुणीतरी दगड भिरकावला तो जोतिबाच्या भुवईवर बसला आणि रक्त त्याच्या डोळ्यात उतरलं. मग कुणीच कुणाचं ऐकलं नाही. काठ्या घेऊन माणसं बायकांत घुसली. घागरी चेपल्या. केसाला धरून बायका दगडांवरून ओढल्या. एका पोटुशीला लाथ बसली, ती ओढ्याच्या उतारावरून घरंगळत खाली गेली आणि तिथंच वाकून ओकत राहिली. पारूबाईनं पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. तिच्या पाठीवर बुटांच्या लाथा बसत होत्या आणि प्रत्येक लाथेला ती एकच बोलत होती, "मार. अजून मार."

शमशेरच्या हातात दोन फुटी लोखंडी पाइपाचा तुकडा होता. गर्दीत कुणीतरी मागून त्याचा सदरा धरून ओढला. त्यानं वळून न बघता पाइप फिरवला.

तो हात रशीदाचा होता.

मनगटाच्या जागी हात भलतीकडंच वळला होता. रशीदा खाली बसली आणि दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तशी त्या हाताकडं बघत राहिली. "आवं, आता बास करा," ती म्हणाली. शमशेरच्या हातातून पाइप गळून पडला. आसपास मारामारी चालूच होती.

त्यानं तिला मोटरसायकलवर बसवून कडेगावला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? शमशेर तोंड उघडायच्या आत रशीदा म्हणाली, "पडले." कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलं.

परतताना त्यानं गाडी थांबवली. "खोटं का बोललीस?"

"खरं तुमच्या तोंडनं ऐकायचंय. कवा बोलशीला तवा बोला."

तो बोलला नाही. पण पंधरा दिवस तो भाकऱ्या थापायला शिकत होता. करपलेल्या, कडा फाटलेल्या भाकऱ्या. नूरीन आईला भरवायची आणि बापाशी एक शब्द बोलायची नाही. सकाळ झाली की शमशेर पुन्हा भाऊसोंच्या मोटरीवर जायचा. दुसरं काही काम त्याला येत नव्हतं.

एक मेला कारवंडीच्या शाळेत ग्रामसभा भरली. नागसेनला खाटेसकट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. भाऊसो पहिल्या रांगेत खुर्चीवर. त्यांचा आवाज कधी चढत नसे. लोक म्हणायचे, भाऊसो शिवी देतात ती पण आशीर्वादासारखी. दाराशी शमशेर उभा होता. बाहेर चिंचेखाली जोतिबा दहा-बारा जणांना घेऊन बसला होता. शमशेरला सांगून ठेवलं होतं: भाऊसो उठून बाहेर पडले की ठरावाचं बुक उचलायचं आणि बाहेर फेकायचं. पुढचं जोतिबा बघेल.

भाऊसो बोलायला उठले. "योजना चांगली हाय. मी आडवा येत न्हाई. पण मानसानं पुढचा इचार करावा. ती हीर वतनाच्या रानात. उद्या घरात लगीन निघालं, पावण्यास्नी तेच पानी पाजनार हायसा? देवाला तेच घालनार?"

पुरुषांच्या बाजूला काही माना खाली गेल्या. सरपंच आप्पासो म्हातारे, आजवर भाऊसोंच्या शब्दाबाहेर न गेलेले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"भाऊसो, एक इचारू? तुमच्या हिरीला झरा कुठनं येतो?"

उत्तर आप्पासोंनीच दिलं.

"पारूबाईच्या रानाखालनं येतो. हीर पाडली तवा मीच हुतो तितं. चौदा वर्सं आपण तेच पितोय. देवबी तेच पितोय."

कुणीतरी हसलं. बायकांच्या बाजूनं हसू वाढत गेलं. ग्रामसेवक म्हणाला, "ठरावाच्या बाजूनं हात वर करा."

भाऊसो उठले. दारातून जाताना शमशेरच्या कानाशी थांबले. "बुक बाहेर आलं पायजे."

शमशेरनं आत बघितलं. हात मोजताना ग्रामसेवक चुकला होता आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. बायकांत तिसऱ्या ओळीत रशीदाचा प्लॅस्टरचा हात वर होता. वजनानं तो थरथरत होता, आणि दुसऱ्या हातानं तिनं त्याला खालून टेकू दिला होता. ती शमशेरकडं बघत नव्हती. ग्रामसेवकाच्या बोटाकडं बघत होती, आपला हात सुटू नये म्हणून.

शमशेर दाराबाहेर आला. त्यानं दार ओढून घेतलं, कडी घातली आणि पाठ लावून उभा राहिला.

जोतिबा चिंचेखालून उठून आला. हातात ऊस तोडायचा कोयता. "बुक कुठाय?"

"मोजनी व्हायची हाय."

"सरक."

"आत माझी बायकू हाय, जोतिबा."

"तिचा दुसराबी मोडू काय?"

शमशेरनं त्याच्या नाकावर कपाळ हाणलं. जोतिबा दोन पावलं मागं गेला, तसे बाकीचे तुटून पडले. शमशेरनं एकाचा हात खांद्यातून उखडला, दुसऱ्याला उचलून पायरीवर आदळला. काठ्या बसत होत्या. एक बरगडी गेली, मग दुसरी. तो दारापासून हलला नाही. जोतिबाचा कोयता आला तेव्हा त्यानं डावा हात आडवा घातला. करंगळी आणि शेजारचं बोट पायरीवर पडलं. दार लाल झालं. आतून ग्रामसेवक ओरडून आकडा सांगत होता आणि आप्पासो त्याला म्हणत होते, "लिव्ह. आदी लिव्ह, मग घाबर." मग खिडक्या फोडून माणसं बाहेर पडली, पुरुषही आणि बायकाही, आणि जोतिबाच्या टोळीला गावाच्या वेशीपर्यंत दगडांनी हाणत नेलं.

ठराव झाला.

त्या दिवशी भाऊसोंनी शमशेरच्या घरचा नळ मुळातून उखडून नेला.

जूनमध्ये, हाताची जखम सुकल्यावर, शमशेर बौद्धवाड्यात गेला. नागसेन ओट्यावर कुबड्या शेजारी ठेवून बसला होता. त्यानं बस म्हटलं नाही.

"काय पायजे?"

"हीर काढशीला तवा काम द्या. पैसं नगोत."

"माझा पाय मोडला तो पाना कुणाचा हुता?"

"माझा."

"मला कुणी धरलं हुतं?"

"मी."

"हे फौजदाराम्होरं बोलशील?"

शमशेरनं खाली बघितलं. नागसेनचा पाय गुडघ्यापासून वाळून काठीसारखा झाला होता.

"बोलीन."

"शिक्षा हुईल."

"व्हय."

पारूबाई घरातून बाहेर आली. तिला अजून ताठ उभं राहता येत नव्हतं. "आदी बोलून ये," ती म्हणाली. "मग पहार घे."

फौजदारानं त्याला पहिल्या दिवशी हाकललं. दुसऱ्या दिवशी समजावलं. तिसऱ्या दिवशी शमशेर दिवसभर ठाण्याच्या पायरीवर बसून राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं सांगत राहिला, मी नागसेनला धरलं, जोतिबानं पाय मोडला, भाऊसोंनी पाठवलं. शेवटी लिहून घेतलं. शमशेर आणि जोतिबा दोघांना अटक झाली. दोघेही जामिनावर सुटले. भाऊसोंचं नाव कागदावर आलं नाही.

दिवाळीनंतर योजना मंजूर होऊन आली आणि पारूबाईच्या रानात विहिरीचं काम सुरू झालं. काम घेतलं केरबानं. वडार माणूस, पन्नाशीचा, आयुष्यभर विहिरीच पाडलेल्या. बायको, तिच्या दोन जावा, यारी चालवणारा भाचा, असं सगळं बिऱ्हाड घेऊन तो रानात उतरला. यारी म्हणजे विहिरीतले दगड वर ओढायचं यंत्र, तारेच्या दोराला लोखंडी बादली. शमशेर केरबाबरोबर तळाला उतरायचा. आठ बोटांनी त्याला पहार धरायला नव्यानं शिकावं लागलं. केरबानं कधी त्याला मागचं काही विचारलं नाही. खडकाला कान लावायचा आणि सांगायचा, "गड्या, हितं हाय. हितं न्हाई."

डिसेंबरात अडतीस फुटांवर पाणी लागलं. आधी ओल, मग खडकाच्या भेगेतून मनगटाएवढी धार. केरबानं ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं, चूळ न भरता गिळलं आणि म्हणाला, "ग्वाड हाय. लय ग्वाड."

त्यानंतर पाचव्या दिवशी, दुपारी, वरची माणसं झाडाखाली जेवायला बसली होती. खाली दोघंच. शेवटची बादली भरून वर चालली होती. तेवढ्यात जोतिबा तिघांना घेऊन आला. भाच्याच्या डोक्यात काठी घातली आणि जोतिबानं यारीचा ब्रेक सोडला.

दगडांनी भरलेली बादली वीस फुटांवरून खाली आली. केरबा धारेपाशी वाकलेला होता. त्याला मान वर करायलाही वेळ मिळाला नाही. शमशेरच्या तोंडावर, छातीवर, डोळ्यांत गरम काहीतरी उडालं. त्यानं डोळे पुसले तेव्हा धारेचं पाणी लाल होऊन त्याच्या घोट्याभोवती साचत होतं. बादलीखालून केरबाचे पाय दिसत होते. बाकी काही ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं.

वरून धोंडे यायला लागले. शमशेर पहार घेऊन लोखंडी शिडीवरून चढला. एक धोंडा खांद्यावर बसला, त्यानं शिडी सोडली नाही. त्याचं रक्तानं माखलेलं डोकं काठावर दिसताच तिघं पळाले. जोतिबाही पळाला, पण शेजारच्या शाळूच्या रानात ढेकळाला अडखळून पडला.

शमशेरनं पहिली पहार उजव्या गुडघ्यावर घातली. दुसरी डाव्या. जोतिबा किंचाळला तशी तिसरी पुन्हा उजव्या. शमशेर मोजत नव्हता. शाळूची ताटं त्याच्या भोवती मोडून पडत होती. आणि त्याला बरं वाटत होतं. फार दिवसांनी हात मोकळे झाल्यासारखं बरं वाटत होतं. हे त्यानं पुढं रशीदाला सांगितलं तेव्हा मान वर केली नाही. पहार त्यानं डोक्यासाठी उचलली, तेवढ्यात कुबडीची टोकं ढेकळांत रुतवत नागसेन तिथं पोचला.

"जित्ता ऱ्हाऊ दे त्याला!"

"केरबा गेला."

"म्हनूनच. भाऊसोचं नाव ह्येच्याच तोंडात हाय. हा मेला की त्यो सुटला."

पहार खाली आली ती जोतिबाच्या कानाशेजारी मातीत वीतभर रुतली. शमशेर तिथंच बसला. नागसेन त्याच्या आणि जोतिबाच्या मध्ये कुबडी टेकून उभा राहिला आणि पोलिसांची जीप येईपर्यंत हलला नाही. लांबून केरबाच्या बायकोचा आवाज येत होता. ती विहिरीच्या काठावरून नवऱ्याला हाका मारत होती, वर या म्हणून.

जोतिबा वाचला. पण भाऊसोंचं नाव त्यानं घेतलं नाही, दवाखान्यात नाही, कोर्टात नाही. खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली आणि तो चाकाच्या खुर्चीतून आत गेला. त्याच्या आईला भाऊसोंनी तासगावात घर बांधून दिलं. नागसेन हे आठवून अजून म्हणतो, त्या दिवशी मी चुकलो का बरोबर होतो, मला कळत नाही.

शमशेरनं दोन्ही गुन्हे कबूल केले, नागसेनच्या पायाचा आणि जोतिबाच्या पायांचा. न्यायाधीशांनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

मागच्या बाकावर रशीदा बसली होती.

"व्हय साहेब. एप्रिलात पाइपावर बसलेल्या बायकांस्नी आमी मारलं. माझ्या बायकूचं मनगट मी मोडलं. ती पडली न्हवती."

"तो विषय या खटल्यात नाही."

"ठावं हाय, साहेब. पन बोलायचं हुतं."

दोन वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी अठ्ठ्याण्णवला तो सांगलीच्या तुरुंगात गेला.

पाणी एप्रिलमध्ये सुरू झालं. मोटरीचं बटण केरबाच्या बायकोनं दाबलं आणि दाबल्यावर तिथं थांबली नाही. पहिला नळ बौद्धवाड्यात होता. कारवंडीतल्या काही घरांनी तीन दिवस नळाला भांडं लावलं नाही. चौथ्या दिवशी ऊन फार होतं, त्यांनीही लावलं. मोटर चालवायला माणूस मिळेना तेव्हा रशीदा कमिटीपुढं जाऊन म्हणाली, मला येतंय. चौदा वर्षं घरात दुसरं काय ऐकलं होतं तिनं? मनगट पूर्ण वळत नव्हतं, ती वॉल डाव्या हातानं फिरवायची. ठरल्या वेळी, सगळ्या गल्ल्यांना सारखा. भाऊसोंच्या गल्लीलाही.

शमशेर ऑक्टोबर नव्याण्णवमध्ये सुटला. एसटीतून उतरून तो घरी न जाता आधी मोटरघरावर गेला. रशीदा पंपापाशी बसून नट आवळत होती, हात ग्रीसनं काळे.

तिनं मान वर करून बघितलं. "वाळलासा," ती म्हणाली. मग पाना त्याच्या हातात न देता बाजूला ठेवला आणि पदरानं हात पुसले. "नूरीन बारावीला हाय. तिच्याशी दमानं बोला. लगीच बोलंल असं समजू नगा."

त्याच महिन्यात संघात चौथं गाव घ्यायचं ठरलं. पाच किलोमीटर चर खोदायची होती. शमशेरनं मजुरीसाठी अर्ज केला. कमिटीत तो वाचला गेला तेव्हा तो बाहेर उभा होता आणि दार उघडंच होतं.

"माझं मत न्हाई," नागसेन म्हणाला. "का, ते समद्यास्नी ठावं हाय. दार आडवलं म्हनून मानूस नवा हुत न्हाई."

"मीबी त्याच्या टोळीच्या लाथा खाल्ल्यात," पारूबाई म्हणाली. "तरी माझं व्हय हाय. चर काय त्याच्या बापासाठी खांदायची न्हाई."

मतं पडली. एका मतानं अर्ज मंजूर झाला. नागसेननं रजिस्टर पुढं ओढलं, हजेरीच्या पानावर शमशेरचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं आणि दाराकडं बघत म्हणाला, "सोमवारी सातला. उशीर केलास तर खाडा मांडीन."

"व्हय," शमशेर म्हणाला.

सोमवारी तो पावणेसातला चरीवर हजर होता. अजून कुणी आलं नव्हतं. आखलेल्या चुन्याच्या रेघेवर त्यानं टिकाव मारला, आणि माती कठीण होती म्हणून पुन्हा मारला.